पत्र नको

तुम्ही खोटं बोललात. चार हजार एकशे बारा माणसांनी ‘आम्हाला पत्र नको’ असं सांगितलंय, हे तुम्ही सोमवारच्या बैठकीत चष्मा पुसत पुसत म्हणालात, आणि ते धडधडीत खोटं होतं.

एवढं लिहून ती थांबली. खुलासा असा सुरू होत नाही हे तिला ठाऊक होतं. खुलासा मान खाली घालून लिहायचा असतो, ‘आपल्या पत्राच्या संदर्भात नम्र निवेदन की’ इथून त्यानं रांगायला लागायचं असतं. विभागप्रमुखांनी पाठवलेला कागद तिच्या पडद्याला टेकून उभा होता. परवानगी नसताना ग्राहकांचे पत्ते डेटाबेसमधून बाहेर काढून त्यांना मेल पाठवल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, याचा खुलासा आज चारपर्यंत द्यावा. ‘बाहेर काढून’ वाचताना तिला प्रत्येक वेळी हसू येत होतं. गेली सात वर्षं ती दुसरं करत काय होती? पत्ते बाहेर काढण्यासाठीच तिला या फळकुटं लावून केलेल्या खोलीत बसवलं होतं, जिथं पूर्वी कंपनीचे जुने गीझर ठेवत आणि जिथं अजून भिंतीला गंजाचे गोल डाग होते. ऑफिसात तिला टपालबाई म्हणत. आधी चिडवायला म्हणत, नंतर गरजेपोटी, आणि आता तर तिचं खरं नाव फक्त पगाराच्या चिठ्ठीलाच आठवत असावं. तिची हरकत नव्हती. मिळवलेलं नाव होतं ते. कॉलेजचं तोंड न पाहिलेल्या बाईनं, कुणीतरी फेकून दिलेलं पाठ फाटलेलं पुस्तक जेवणाच्या सुट्टीत वाचून वाचून हे काम शिकून घेतलं होतं, आणि ज्यांच्याकडे पदव्या होत्या ते आता दारात उभे राहून ‘टपालबाई, जरा बघता का’ म्हणत होते. बघते, ती म्हणायची. आणि बघायची.

काम तसं साधं होतं, म्हणजे साध्या माणसाला जमणारं नव्हतं. डेटाबेसमध्ये माणसं आडवी झोपलेली असतात, एकेका ओळीत एक: नाव, घर, फोन, मेलचा पत्ता, कोणता गीझर, कधी घेतला, काउंटरवर कोणी नोंदवला. त्या ओळींतून फक्त पत्ते उपसायचे. मग ते निवडायचे, धान्यातले खडे निवडावे तसे, कारण लोक पत्त्यामागे मोकळी जागा सोडतात, टिंबाऐवजी स्वल्पविराम मारतात, एकच पत्ता तीनदा देतात, आणि एका गृहस्थांनी तर पत्त्याच्या जागी ‘बायकोला विचारा’ असं लिहून ठेवलं होतं. निवडलेले पत्ते एका ओळीत एक असे साध्या फाइलीत लावायचे आणि फाइल मेल सर्व्हरच्या तोंडी द्यायची. सर्व्हर आज्ञाधारक. यादीत ज्याचा पत्ता त्याला पत्र. यादीत जो नाही तो सर्व्हरच्या लेखी जन्मालाच आलेला नाही. हे तिला पहिल्या वर्षी भारी गमतीचं वाटायचं, आपण एक ओळ खोडली की जगातून एक माणूस कमी. सोमवारी ते आठवून तिच्या मानेवर काटा आला होता. सोमवारी तिनं नेहमीसारखी दोनदा मोजणी केली होती, एकदा अट घालण्याआधी आणि एकदा अट घातल्यावर. ही तिची स्वतःची खोड, पुस्तकातली नव्हे. पूर्वी विक्रीच्या काउंटरवर असताना ती पावत्यासुद्धा अशाच दोनदा मोजायची. जुन्या मालिकेचे गीझर घेतलेल्यांचे एकूण पत्ते नऊ हजार सहाशे चाळीस. ‘पत्र नको’ हा रकाना रिकामा असलेले पाच हजार पाचशे अठ्ठावीस. ती खुर्चीत मागं रेलली. एवढी माणसं नको म्हणतात? फुकट मिळालं तर माणूस विषसुद्धा दोन बाटल्या मागतो.

विष होतंच. ते चाचणीवाल्या काकांनी तिला दाखवलं होतं, मागच्या थंडीच्या आधी. चाचणीवाले काका म्हणजे तळमजल्यावर गीझर तासन् तास पेटवून बघणारा माणूस, ज्याच्या भुवया कायम जळालेल्या आणि ज्याला ऑफिसातलं कुणी जेवायला सोबत घेत नसे, कारण तो जेवतानाही वायूंबद्दल बोलायचा. त्यानं जुन्या मालिकेची एक झडप तिच्या तळहातावर ठेवली होती. सुपारीएवढी. ‘ही बघ. सात-आठ वर्षांनी ही पातळ होते. मग ज्योत नीट जळत नाही. आणि मग बंद खोलीत जो वायू साठतो ना पोरी, त्याला वास नाही, रंग नाही, काही नाही. माणसाला वाटतं, जरा झोप आली.’ ‘मग?’ ‘मग काय, झोपतो.’ त्यानं तसा अहवाल वर पाठवला होता. वर म्हणजे कुठं, हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघांनीही छताकडे बघितलं होतं. अहवाल वर गेला आणि वरच राहिला. एक अख्खी थंडी गेली. आता दुसरी दारात आली तेव्हा कुठं वरून हालचाल झाली: ग्राहकांना मेल करा, झडप बदलून देतो म्हणा, दोष नुकताच लक्षात आला आहे असं लिहा. मजकूर वकीलबाईंनी केला, सही विभागप्रमुखांची. टपालबाईंनी फक्त पत्ते काढायचे.

आणि बैठकीत तिनं तो आकडा सांगितला. चार हजार एकशे बारा जण यादीत येत नाहीत, अट काढू का, तिनं विचारलं. प्रश्न इतका सरळ होता की तिला वाटलं उत्तरही ‘अर्थात’ असंच येईल. विभागप्रमुखांनी चष्मा काढला, पुसला, उजेडात धरला, पुन्हा पुसला. ‘ज्यांनी स्वतः होऊन पत्र नको म्हटलंय त्यांना आपण पत्र कसं पाठवणार? कायदा आहे बाई.’ ती म्हणाली, ‘साहेब, जाहिरात नको म्हटलं असेल त्यांनी. मरणाची वर्दी नको असं कोण म्हणेल?’ कुणीतरी खाकरलं. वकीलबाई वहीत बघत राहिल्या. ‘टपालबाई,’ साहेब गोड हसून म्हणाले, ‘तुम्ही पत्ते बघा. कायदा आम्ही बघतो.’ आणि तो हसण्याचा प्रकार तिला ओळखीचा वाटला. दाढेत काहीतरी अडकावं तसा तो दिवसभर तिच्या डोक्यात अडकून राहिला. हे हसू मी कुठं बघितलंय? रोज तर बघते. नाही, रोजचं नव्हे, जुनं. चष्मा नव्हता तेव्हाचं.

ते उत्तर दुसऱ्या दिवशी फोनवर मिळालं, आणि तेही आत्याकडून. आई गेल्यावर तिला वाढवलं ते वडिलांच्या या थोरल्या बहिणीनं, दोन खोल्यांच्या घरात, जिथं न्हाणीघर म्हणजे एक कोनाडा आणि त्याची खिडकी दोन तळहातांएवढी. लहानपणी आत्या तिला तिथं अंघोळ घालायची. वाफ इतकी दाटायची की आत्याचा चेहरा दिसायचा नाही, नुसता आवाज, ‘डोळे मीट, साबण जाईल.’ ती डोळे मिटायची आणि तिला वाटायचं की आपण जगात कुठंच नाही, फक्त हा आवाज आहे. नोकरी लागल्यावर पहिल्याच वर्षी तिनं त्या कोनाड्यात कंपनीचा गीझर बसवून दिला होता. त्याची निळी ज्योत बघायला आत्या शेजारपाजारच्या बायका बोलवायची. मंगळवारी तिनं फोन लावला. आत्याला आपण फोन करू शकतो, या भरवशावर ती शांत होती.

‘आत्या, गीझर बंद कर आणि परत लावू नकोस.’

‘का? बिल तू भरतेस का माझं?’

‘त्यात बिघाड आहे. खिडकी उघडी आहे ना न्हाणीघराची?’

‘खिडकी म्हणे! भोक आहे ते. पुठ्ठा लावलाय मी त्याला, वारा टोचतो.’

‘आत्या, पुठ्ठा काढ. आत्ता. फोन ठेवू नकोस, हातात घेऊन जा आणि काढ.’

फरशीवर घासत जाणाऱ्या सपाता ऐकू आल्या, मग पुठ्ठा फाटल्याचा आवाज. ‘काढला. आता सांग, काय झालंय?’ तिनं सांगितलं. आत्या ऐकत राहिली आणि मग जे बोलली त्याचा झडपेशी काही संबंध नव्हता. ‘तरीच. तुमची कंपनी मेली माझ्यावर खारच खाऊन आहे. शेजारणीला बघावं तर तुमचे मेलच मेल, नवा गीझर, जुना द्या नवा न्या, तिच्या वाढदिवसाला शुभेच्छासुद्धा! मला आठ वर्षांत एक मेल नाही. भाची कंपनीत आणि आत्या कोरडी. मी तोंड उघडत नाही म्हणून. लोक काय म्हणतात माहीत आहे? म्हणतात, भाची तिथं झाडू मारत असेल.’

मेल नाही. आठ वर्षांत एक नाही. तिनं फोन कानाला धरूनच आत्याची ओळ काढली. नाव, घर, फोन, पत्ता. ‘पत्र नको’ या रकान्यात एक. आणि शेवटच्या रकान्यात, नोंदवणाऱ्याचा क्रमांक, सत्तावीस. सत्तावीस म्हणजे ती. काउंटर सोडून सात वर्षं झाली तरी आपला क्रमांक माणूस विसरत नाही. आत्यानं कधी पत्र नको म्हटलं होतं? ती तर त्या दिवशी काउंटरपाशी आलीही नव्हती. मग बोटांनाच आठवलं, डोक्याच्या आधी. डावा हात कागदावर, उजवा बटणावर. ‘ग्राहकास पत्रे हवीत का?’ हो दाबलं की पडदा उलटायचा आणि तीन प्रश्न उगवायचे: जन्मतारीख, घरात माणसं किती, आणखी कोणकोणती उपकरणं. ते भरल्याशिवाय हमीपत्र छापून येत नसे. नको दाबलं की प्रिंटर लगेच खर्रर्र. समोर रांग, रांगेत कडेवर लेकरं, आणि मागच्या भिंतीवर फळा; कोणत्या क्रमांकानं आज एका ग्राहकाला किती मिनिटं घेतली ते त्यावर खडूनं लिहिलेलं. सत्तावीस कायम वरच्या तिनांत. तिला त्याचा अभिमान होता, लाज वाटावी एवढा. आणि ही युक्ती तिची नव्हती. पहिल्याच दिवशी काउंटरचे पर्यवेक्षक तिच्या खुर्चीमागं उभे राहिले होते, वाकले होते, तिच्या हातावरून हात नेऊन त्यांनी बटण दाबून दाखवलं होतं. ‘विचारत काय बसता? नको दाबा, पुढं चला. कुणाचं काही अडत नाही.’ आणि गोड हसले होते. तेव्हा त्यांना चष्मा नव्हता.

‘अगं, आहेस का?’ आत्या ओरडत होती. ‘आहे,’ ती म्हणाली. ‘आत्या, तुला मेल येत नाहीत ते माझ्यामुळं. मीच तुझ्या नावापुढं नको दाबलं होतं.’ ‘का गं? मी काय घोडं मारलं होतं तुझं?’ ‘रांग होती.’ आत्या म्हणाली, ‘बरं. मला फोन केलास, माझं भागलं. बाकीच्यांचं काय? त्यांच्या भाच्या काय सगळ्या तुझ्याच ऑफिसात बसल्यात?’ आणि फोन ठेवला. हीच आत्याची पद्धत. चापट मारायची आणि हात धुवायला निघून जायचं.

त्यानंतरचा अर्धा तास तिला अगदी स्वच्छ आठवत होता. तिनं चार हजार एकशे बारा ओळी नोंदवणाऱ्याच्या क्रमांकानं लावल्या. बारा क्रमांक, बारा ढीग. सत्तावीसचा ढीग सहाशे तेराचा. सहाशे तेरा वेळा मी दुसऱ्याच्या तोंडून बोलले, तिच्या मनात आलं, आणि एकदाही त्याचं तोंड हललंय का ते बघितलं नाही. पण रडायला ती कशाला बसेल? रडणं हा साहेबांच्या बाजूचा उद्योग होता. रडणाऱ्या बाईला घरी पाठवता येतं. ती तळमजल्यावर गेली. चाचणीवाले काका डबा उघडून बसले होते. ‘काका, तुमचा अहवाल वर कधी गेला? तारीख हवी.’ त्यांनी तारीख सांगितली, पोचेचा कागद दाखवला, त्याची प्रत दिली आणि विचारलं, ‘काय करणार आहेस?’ ‘पत्ते काढणार.’ ‘नोकरी जाईल.’ ‘काका, हे काम मी फाटक्या पुस्तकावरून शिकले. ते पुस्तक अजून माझ्याकडे आहे.’ त्यांनी डब्यातली अर्धी पोळी तिच्यापुढं केली. तिनं उभ्या उभ्या खाल्ली आणि वर आली.

बुधवारी सकाळी, सगळे जागेवर असताना, खोलीचं दार सताड उघडं ठेवून तिनं ते केलं. चोरासारखं तिला काहीच करायचं नव्हतं. क्वेरीतली, म्हणजे पत्ते उपसायच्या आज्ञेतली, अटीची ओळ खोडली. उपसलं, निवडलं, मोकळ्या जागा छाटल्या, दुहेरी पत्ते काढले, ‘बायकोला विचारा’ बाजूला काढून त्या गृहस्थांना फोन केला. बायकोनंच उचलला आणि पत्ता दिला. फाइल सर्व्हरच्या तोंडी दिली. मजकुराला हात लावला नाही, वकीलबाईंचा स्वल्पविरामसुद्धा हलवला नाही. तुमचा मजकूर, तुमची सही, तुमच्याच ग्राहकांना. पडद्यावर ओळी सरकायला लागल्या, गेलं, गेलं, गेलं, आणि त्या लयीत तिला वाफेतला तो आवाज आठवला, डोळे मीट. नाही मिटणार. एकेक पत्ता जाताना तिनं बघितला. काही परत आले, माणसं पत्ते बदलतात, घरं बदलतात. त्यांची तिनं वेगळी यादी केली, फोन नंबरांसकट. दुपारपासून उत्तरं यायला लागली. बंद केला. झडप कधी बदलणार? धन्यवाद. तुम्हाला लाज वाटते का? धन्यवाद. माझी मुलगी परवाच न्हाणीघरात चक्कर येऊन पडली होती, आम्ही तिला उपाशी राहतेस म्हणून रागावलो. हे शेवटचं वाचून ती उठली, खिडकीपाशी गेली आणि बराच वेळ खालचा रस्ता बघत राहिली. मुलगी पडली होती, पण आहे. तिला स्वतःच्या पाठीवर कुणीतरी थाप मारल्यासारखं झालं. कधी वाटली नव्हती तितकी खात्री तिला वाटली, की हातांनी केलेली चूक हातांनीच उलटवता येते, त्याला ना बैठक लागते ना चष्मा.

आणि आज, गुरुवारी सकाळी, ते उत्तर आलं. ते तिनं छापून घेतलं होतं आणि आता ते साहेबांच्या कागदाला खेटून उभं होतं, दोन कागद, शेजारी शेजारी. ‘हा पत्ता माझ्या भावाचा. त्याचे मेल आता मी बघते. मागच्या थंडीत कामावर जायच्या आधी तो अंघोळीला गेला आणि दार तोडावं लागलं. डॉक्टर म्हणाले हृदय. तो बत्तीस वर्षांचा होता आणि रोज पोहायचा. तुमच्या मेलमध्ये लिहिलंय की दोष नुकताच लक्षात आला आहे. नुकताच म्हणजे कधी?’ तिनं त्या भावाची ओळ काढली होती. ‘पत्र नको’ या रकान्यात एक. नोंदवणाऱ्याचा क्रमांक एकतीस. तिचा नव्हे. क्षणभर तिला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची इतकी शिसारी आली की तिनं पाणी तोंडावर मारून घेतलं. एकतीस काय, सत्तावीस काय. फळ्यावर दोघींचे क्रमांक शेजारी शेजारी असायचे.

सव्वातीन वाजले होते. दाराबाहेरून विभागप्रमुख एकदा गेले, एकदा आले. तिसऱ्यांदा आत डोकावले. ‘झालं का टपालबाई? चार ओळी लिहा, चूक झाली म्हणा, मी मिटवतो. आपण जुनी माणसं.’ ‘जुनी म्हणूनच वेळ लागतोय साहेब,’ ती म्हणाली, ‘सगळं आठवून लिहितेय.’ त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. नुसता हातात धरून उभे राहिले, आणि चष्म्याविना तो चेहरा आठ वर्षांनी लहान दिसला, थोडा घाबरलेला. मग गेले. ती पडद्याकडे वळली. पहिल्या वाक्यापाशी आली. ‘तुम्ही खोटं बोललात.’ खोडावं का? ती त्या वाक्याकडे बघत राहिली, एखादा पत्ता बरोबर आहे ना हे बघावं तशी. बरोबर होता. तिनं पुढं लिहिलं आणि एकदाही थांबली नाही.

त्या चार हजार एकशे बारा जणांनी नको म्हटलेलं नाही. आम्ही म्हटलं. त्यातले सहाशे तेरा मी स्वतः, क्रमांक सत्तावीस, रांग हलावी म्हणून. त्यात माझी आत्या आहे. ते बटण कसं दाबायचं हे मला तुम्ही शिकवलंत, माझ्या हातावर हात ठेवून, आणि सोमवारी हे तुम्हाला माहीत होतं. मी पत्ते बाहेर काढले. पुन्हा वेळ आली तर पुन्हा काढीन. माझ्या सहाशे तेरा चुकांसाठी माझ्यावर जी करायची ती कारवाई करा, मी इथंच आहे, याच खोलीत. सोबत दोन कागद जोडले आहेत. पहिला चाचणीवाल्या काकांच्या अहवालाची पोच, त्यावर तारीख आहे, मागच्या थंडीच्या आधीची, आणि खाली सही आहे, ती तुमची आहे. दुसरा एका बहिणीचा मेल आहे. तिनं एकच प्रश्न विचारला आहे. त्याचं उत्तर माझ्याकडे पाठवू नका, मला ते ठाऊक आहे. तिचा पत्ता खाली देते. मी तो दोनदा तपासला आहे, चालू आहे, आणि तिनं पत्र नको असं कुठंही म्हटलेलं नाही. साहेब, तिला तुमच्या हातानं लिहा: नुकताच म्हणजे कधी?